बाबांचे तिखट कान

मल्हारगंजातल्या आमच्या गल्लीत बाबांच्या कानांचा दरारा होता. समोरच्या ओट्यावर दोन बायका हळू आवाजात बोलत असल्या, तरी बाबा आमच्या खिडकीत बसून सांगायचे, "आज धाकट्या सुनेचा नंबर लागलाय." आणि ते दर वेळी खरं निघायचं. "भिंतीला दोन कान असतात, तुझ्या बापाला चार आहेत," असं समोरची काकू मला म्हणायची, आणि मग आमच्याकडे पाठ करून गप्पा मारायची.

घरात आईची तक्रार नेमकी उलटी. ती स्वयंपाकघरातून विचारायची, "अहो, भाजी कोणती करू?" बाबा बाहेरच्या खोलीत, तिच्याकडे पाठ, ढिम्म. ती पुन्हा विचारायची, पुन्हा विचारायची, मग झारा आपटायची. "गल्लीभरचं ऐकू येतं, बायकोचं तेवढं येत नाही. मतलबी कान आहेत मेले!" झारा आपटला की बाबा वळून बघायचे आणि म्हणायचे, "काय झालं? काही बोललीस का?" हे तर तिला सगळ्यात जास्त झोंबायचं. मी लहानपणापासून आईच्या बाजूनं होते. बाबा मुद्दाम करतात याबद्दल मला काडीचीही शंका नव्हती.

बाबा कापड मिलमध्ये साचेखात्यात होते. साचा म्हणजे माग, कापड विणायचं यंत्र. दालनभर साचे एकदम चालू असले की माणसाचा आवाज माणसाला पोचत नाही. म्हणून तिथली बोलायची रीतच निराळी. मागून हाक मारायची नाही. समोर जायचं, खांद्याला हात लावायचा आणि आवाज न काढता नुसत्या ओठांनी बोलायचं, तोंड मोठं उघडून, अक्षरन् अक्षर फोडून. जोडीला हाताच्या खुणा. हनुवटीवरून हात फिरवला की दाढीवाले साहेब येताहेत, खांद्यावर गाठोडं टाकल्यासारखं केलं की गोदाम. ही बोली बाबांनी घरीही आणली होती. आम्ही भावंडं त्यांच्याशी समोर जाऊनच बोलायचो, आणि पाहुणे बसलेले असताना आवाज न काढता त्यांची टिंगलही करायचो. सगळ्यांच्या घरी असंच असतं असं मला वाटायचं. आई तेवढी यात नव्हती. ती उज्जैनच्या मास्तरांची मुलगी, तिला हे सगळे माकडचाळे वाटायचे. "देवानं जीभ दिलीय ना? मग बोला की माणसासारखं!"

मग मिल बंद पडली. आधी एक पाळी गेली, मग दुसरी, मग गेटला कुलूप. भोंगा वाजायचा थांबला तेव्हा गल्ली हळहळली. "भिया, कान सूने-सूने लगते हैं," असं पानवाल्यापासून सगळे म्हणत होते. बाबा त्यावर काहीच बोलले नाहीत. आम्हाला वाटलं, दुःख फार झालंय, बोलवत नाहीये.

त्या काळात पेपर उघडला की उदारीकरण. बाहेरच्या कंपन्या येणार, नोकऱ्याच नोकऱ्या. आल्याही असतील, पण पन्नाशीला टेकलेल्या साचेवाल्यासाठी त्यातली एकही नव्हती. बाबा सकाळी डबा नसताना डबा घेऊन निघाल्यासारखे निघायचे आणि दुपारी परत यायचे. मी बारावी झाले होते. एका हॉस्पिटलच्या नर्सिंग शाळेत नाव लागलं, आणि पहिल्याच वर्षाला अनॅटॉमी-फिजिओलॉजी समोर आलं.

हिंदी मीडियमची मी, आणि पुस्तक सगळं इंग्रजीत. शिकवणाऱ्या सिस्टर केरळच्या, त्यांचं इंग्रजी तर आणखी वेगळ्या वाटेनं जाणारं. पत्र्याच्या पेटीत खरी हाडं होती, ती हातात देऊन विचारायच्या, कुठलं, उजवं की डावं. मी घरी येऊन घरच्यांवर पाठांतर करायचे. भावाचा दंड पकडून ह्यूमरस, मनगटाशी रेडियस आणि अल्ना. आई पोळ्या लाटायची तेव्हा तिच्या कोपराजवळ बोट ठेवून स्नायू शोधायचे आणि लाटणं खायचे. "मेली, मी काय बाजारातली कोंबडी आहे?" पण मला त्यात फार मजा यायची. इतकी वर्षं आपण या शरीरात राहतो आणि आत कोण काय करतंय याचा पत्ताच नाही, याचं मला खरोखर आश्चर्य वाटायचं.

कानाचा धडा आला. आत तीन इवलीशी हाडं असतात, हातोडी, ऐरण आणि रिकीब. आवाजानं पडदा हलतो, हातोडी ऐरणीला हलवते, ऐरण रिकिबीला. त्याच्याही आत गोगलगायीच्या शंखासारखी नळी, आणि तिच्यात केसांसारख्या बारीक पेशी. खरं ऐकणं तिथे होतं. "फार आवाजात वर्षानुवर्षं राहिलं तर हे केस मरतात. मेले की परत येत नाहीत," असं सिस्टर म्हणाल्या आणि पुढच्या आकृतीकडे वळल्या. मीही पान उलटलं.

त्याच सुमारास पोलोग्राउंडच्या एका कारखान्यात दिवसपाळीला गेटवर माणूस हवा असल्याचं बाबांना कळलं. मालक मिलच्या माणसाला घ्यायला राजी होता. अट एकच, त्यांच्या डॉक्टरची तपासणी. गेटवर ट्रक ये-जा करतात, माणसाचे डोळे-कान धड हवेत. आई कितीतरी महिन्यांनी हसली. "डोळ्यांचं सांगता येत नाही," ती म्हणाली, "पण यांच्या कानांना अख्खं मल्हारगंज घाबरतं."

रविवारी मी सिस्टरांच्या परवानगीनं ट्यूनिंग फोर्क घरी आणला, परीक्षेच्या सरावासाठी. दोन दातांचा स्टीलचा चिमटाच तो. तळहाताच्या कडेवर आपटला की बारीक गुणगुणतो. तो कानाशी धरायचा आणि ऐकू येईनासा झाला की सांग म्हणायचं. भावाचे कान ठीक, आईचे त्याहून ठीक. मग बाबा.

"येतोय आवाज?"

"कसला?"

"हा."

"मग वाजव ना. नुसता धरून काय उभी राहिलीस?"

तो वाजत होता. मला हातभर अंतरावरून ऐकू येत होता. मी पुन्हा जोरात आपटला, दुसऱ्या कानाला लावला. काही नाही. कानामागच्या हाडावर टेकवला तेव्हा ते म्हणाले, "हां, थरथरतंय." आवाज येतोय का विचारलं, तर म्हणाले, "आवाज कसला? थरथरतंय म्हटलं ना."

मी त्यांच्या पाठीमागे गेले आणि नेहमीच्या आवाजात म्हटलं, "बाबा, मी नापास झाले." ते समोर भिंतीकडे बघत बसले होते. "बाबा, घराला आग लागली." भाऊ खो-खो हसायला लागला. आई म्हणाली, "बघ, म्हटलं नव्हतं? नाटकं नुसती!" मला मात्र धड्यातले ते मेलेले केस आठवले.

मी समोर येऊन सांगितलं, "बाबा, तुम्हाला ऐकू येत नाही."

ते हसले. "मग हे तू बोललीस ते कसं ऐकू आलं?"

"ऐकू नाही आलं. तुम्ही पाहिलंत."

त्यावर बाबा भडकले. चार बुकं वाचली नाहीत तर बापाला बहिरं ठरवायला निघाली, वगैरे. "साचेखात्यात सगळे असेच आहेत. मग काय सगळे बहिरे?" मीही काही गरीब गाय नव्हते. "हो, सगळे!" म्हणून ओरडले, आणि वही आणून हातोडी, ऐरण, रिकीब, तो शंख, ते केस, सगळं काढून दाखवलं. त्यांनी चित्रातल्या शंखावर बोट फिरवलं. मग म्हणाले, "बरं, समजा बिघडलंय. पार्ट मिळतो का याचा?"

"नाही मिळत."

"मग काय उपयोग तुझ्या डॉक्टरीचा?" असं म्हणून ते चप्पल घालून बाहेर गेले.

जाऊन घेऊन आले ते आपल्या दोस्ताला. हा काका साचेखात्यात बाबांच्या शेजारचा, माळवी माणूस, बोलताना सगळं अंग हलवणारा. त्याला दुसरीकडे अशाच तपासणीत नापास केलं होतं. "डाक्टर पीठ के पीछे खड़ा होके फुसफुसाता है," तो आईला सांगत होता, "और बोलता है, मैंने क्या कहा, बताओ. अरे, सामने आके बोल ना!" पण त्याच्याकडे तोडगा होता. तपासणीला तोही सोबत जाणार, दाराशी उभा राहणार. डॉक्टर बाबांच्या मागे उभा राहिला की काकाला समोरून त्याचे ओठ दिसणार. ते वाचून काका आपल्या ओठांनी बाबांना सांगणार. "भाभीजी, टेंसन मत लो. पूरी जिंदगी यही किया है."

दोन बहिरे मिळून कानाची परीक्षा पास करणार होते! मी म्हटलं, हे चूक आहे. उद्या ट्रक मागून आला, हॉर्न देत राहिला आणि बाबा हललेच नाहीत तर? आई माझ्यावर उसळली, "चुलीत घाल तुझं फिजिओलॉजी. गेटवर उभं राहायचंय, गाणं म्हणायचं नाहीये." बाबा शांतपणे म्हणाले, "गेटला हात लावून उभा राहीन. लोखंडाचं आहे, ट्रक आला की थरथरेल." पण मी सोबत येणार, एवढं ठणकावून सांगितलं.

दवाखाना जवळच होता. डॉक्टर वयस्क, सावकाश काम करणारे. वजन, छाती, डोळे सगळं झालं. मग बाबांना दाराकडे तोंड करून स्टुलावर बसवलं आणि स्वतः मागे जाऊन उभे राहिले. दारात काका आणि मी. काका डोळे बारीक करून तयार. आणि डॉक्टरांनी हातातलं पॅड उचलून तोंडासमोर धरलं.

काकाचा चेहरा पडला. पॅडमागून डॉक्टर म्हणाले, "पपीता."

काकाला ऐकू येणं शक्यच नव्हतं. त्यानं माझ्याकडे पाहिलं. बाबांनीही माझ्याकडे पाहिलं. त्या खोलीत ऐकू येणारी, डॉक्टर सोडले तर, मी एकटी होते. काय योग्य आणि काय नाही याची उजळणी करायला वेळ नव्हता. माझे ओठ आपोआप हलले, लहानपणी पाहुण्यांसमोर हलायचे तसे. प, पी, ता.

"पपीता," बाबा म्हणाले.

"चौंसठ." मी सांगितलं, बाबा म्हणाले. तिसरा शब्द आला "गोदाम". आता 'ग' काही ओठांवर दिसत नाही, तो घशातच राहतो. बाबा अडखळले, भुवया जवळ आल्या. मी खांद्यावर गाठोडं टाकल्यासारखा हात फिरवला, आणि काका नेमका तेव्हाच छत उडेल असा खोकला.

"गोदाम," बाबा म्हणाले.

"कान तो जवान हैं आपके," डॉक्टरांनी पुढे येत म्हटलं आणि सही ठोकली. मला आजही त्या खोटेपणाचा पश्चात्ताप नाही. बाबांनी ती नोकरी पुढे निवृत्तीच्या वयापर्यंत केली, उन्हाळ्यात तापलेल्या गेटला हातरुमाल बांधून, पण हात लावून.

परत येताना काका खुशीत पुढे चालत होता. बडा गणपतीच्या देवळापाशी बाबा थांबले आणि माझ्याकडे वळले. रस्त्यावर रिक्षांचा गोंगाट होता, पण ते हळू आवाजात बोलले, जसं फक्त घरात बोलायचे.

"एक विचारू? तो डॉक्टर मागे खरंच काही बोलत होता?"

"हो."

"मला वाटलं, त्यानं अजून सुरूच केलेलं नाही आणि तू आपली पुढे-पुढे करतेयस." मग जरा वेळानं, "तिन्ही वेळा बोलला?"

"तिन्ही वेळा. मला दारापर्यंत ऐकू आलं."

बाबांनी मान हलवली. त्यांना वाईट वाटलं होतं, चेहऱ्यावर सरळ दिसत होतं, आणि मलाही रडू येत होतं.

घरी आईला दारातच सगळं सांगितलं. नोकरी मिळाली म्हणून तिनं देवापुढे साखर ठेवली. मग रस्त्यात बाबांनी काय विचारलं तेही मी सांगितलं, तेव्हा तिचा हात थांबला. बाबा बाहेरच्या खोलीत खुर्चीवर बसले होते, नेहमीसारखी आमच्याकडे पाठ. आई स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात जाऊन उभी राहिली. "अहो," ती म्हणाली. मग थोडं पुढे सरकून पुन्हा, "अहो." अगदी खुर्चीमागे जाऊन तिसऱ्यांदा म्हणाली तेव्हा तिचा आवाज फुटला होता. ते खिडकीतून बाहेर बघत होते.

तिनं पदरानं डोळे पुसले, खुर्चीला वळसा घालून समोर गेली, बाबांच्या खांद्याला हात लावला आणि तोंड मोठं उघडून, एकेक अक्षर फोडून म्हणाली, "चहा ठेवू?"

बाबा तिच्याकडे बघतच राहिले. "ठेव की," ते म्हणाले. "आज पहिल्यांदाच विचारतेयस."