गुण शिल्लक असलेलं औषध

वैशाखातला रविवार, १९७४, कळमनुरी. हजर: गुरांच्या दवाखान्यातले कंपाउंडरकाका, मी, माझी धाकटी बहीण शांता आणि उजेड अडवायला न्हाणीच्या दारावर टांगलेली घोंगडी. काकांनी तपकिरी बाटली हलवली, हुंगली आणि नेहमीचं वाक्य टाकलं, "अजून गुण हाये त्याच्यात."

काकांना फोटोचा नाद होता, पण फिल्म धुण्याचं औषध फेकून द्यायची दानत नव्हती. एकदा कालवलेलं डेव्हलपर ते होळीपासून पोळ्यापर्यंत चालवत. त्यात हात कंपाउंडरचा. बाटलीला मिक्श्चरसारखी कातरलेली कागदी पट्टी लावलेली. फिल्म धुतली की पातळी थोडी उतरे. काका उकळून गार केलेलं पाणी ओतून ती खुणेला आणत. खूण बराबर, म्हणजे औषध बराबर. किती फिल्मा धुतल्या ते बाटलीवर लिहीत जा, असं मी सुचवलं, तर म्हणाले, बैलानं किती नांगरलं याची कुणी यादी ठेवतं का.

औषध जितकं पांचट, तितका वेळ ते वाढवत. तरी गल्लीतली सगळी माणसं त्यांच्या फोटोत धुरात उभी केल्यासारखी काळपट दिसत. एका बारशाच्या फोटोत बाळ कोणतं आणि उशी कोणती यावर त्या घरात दोन तट पडले होते.

त्या रविवारचा फोटो शांताचा होता, वाशिमच्या एका स्थळाला पाठवायचा. पाठवला. आठवड्यात उत्तर आलं: मुलगी फार काळी दिसते, पुढे बोलणं नको.

दुसऱ्या दिवशी काका एसटीत बसले, कनेरगाव नाक्यावरून थेट वाशिम. पुरावा म्हणून बाटली सोबत. पाहुण्यांच्या बैठकीत ती मधोमध ठेवून त्यांनी सांगितलं, दोष माझ्या औषधाचा, पोरगी चांगली गोरी आहे. पाहुणे मुलगी बघायला यायला राजी झाले. काका लढाई जिंकल्यासारखे आमच्या घरी आले.

शांता भाकरी थापत होती. तिने हात थांबवला नाही.

"काका, फोटो बराबरच आला व्हता. मी काळीच हाये."

"तसं न्हाई गं पोरी..."

"मग काहून गेले तिथं? माझ्या रंगाची माफी मागाया तुमाला कोण म्हणलं?"

काकांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मग मान खाली घालून म्हणाले, "कोण म्हणतंय. माझा मीच गेलो."

शांताने पाहुण्यांना नकार कळवायला लावला आणि काकांशी बोलणं सोडलं. आमच्या दारावरून जाताना काका चाल वाढवू लागले. बाटली मात्र त्यांनी मोरीत रिकामी केली नाही. पुढच्याच रविवारी गल्लीतला एक जावई काळा करून दिला.

शांता पुढे शिकली, सेनगावला शिक्षिका झाली, स्वतः पसंत केलेल्या माणसाशी लग्न केलं. काका निवृत्त होऊन साखऱ्याला गेले आणि तिथेच वारले. मी मातीला गेलो. शांता आली नाही. त्या माणसाला लाज नव्हती, असं ती अजून म्हणते.

कामांच्या माझ्या वहीत बाकी ओळींवर वेळच्या वेळी काट पडते. एकच ओळ मी दर वर्षी नव्या वहीत उतरवून घेतो: शांताला सांगणे, काकांना वाशिमला मी पाठवलं होतं.