घुगरी आणि तिळाचं तेल

रंगभूमीवर चेहरा चढवणाऱ्यांची नावं सगळ्यांना ठाऊक असतात. चेहरा उतरवणाऱ्यांची कोण विचारतो? माझा चेहरा मला परत देणारी बाई मुकुटबनजवळच्या एका तांड्यावर राहते. तिचं नाव सुखीबाई.

आमची नाटक कंपनी हिवाळ्यात गावोगाव तंबू टाकायची. त्या काळचे रंग म्हणजे चुनाच. प्रयोग संपला की ते खरवडून काढावे लागत. खोबरेल तेल थंडीने बाटलीत गोठून बसलेलं असायचं आणि आम्ही नट्या ती बाटली चुलीपाशी धरून शेकत बसायचो. मुकुटबनच्या मुक्कामात एक तरणी लमाण बाई लाकडं विकायला तंबूमागे आली. आमची गंमत बघून हसली आणि दुसऱ्या दिवशी तांब्याभर तेल घेऊन आली. घरच्या तिळाचं, घाण्यावर काढलेलं. कडाक्याच्या थंडीतही ते पाण्यासारखं वाहत होतं. तिने माझ्या गालावर बोटं फिरवली आणि महाराणी उतरून मी उरले.

"आता दिसली माणसावानी," ती म्हणाली.

तिच्या दोन्ही कानशिलांवर, केसांत गुंफलेल्या चांदीच्या घुगऱ्या लटकत होत्या. मान हलली की नाजूक किणकिण व्हायची. पुढच्या नाटकात मला लमाण बाईचंच काम होतं. मी हावरटासारखी म्हटलं, "सुखीबाई, एका रात्रीपुरती दे ना तुझी घुगरी."

"नाई देता येत, बाई. नवऱ्याची हाय. तो हाय तवर माह्या डोक्यात, तो गेला का पेटीत. दुसरीच्या डोक्यात कशी देऊ?"

मग मी पत्र्याची करून घेतली. टाळ्या पडल्या. प्रेक्षकांतून तिनेही वाजवल्या.

कंपनी मोडली, मी यवतमाळात स्थिरावले, पण तेल येत राहिलं. माझ्या नातवाला न्हाऊमाखू घालताना तेच, थंडीत भेगाळलेल्या टाचांना तेच. आता तिची सून रंजिता बचत गटातल्या बायांना घेऊन ते विकते. तिळात माका आणि जास्वंद उकळून केसांचं तेल करते, मधाच्या पोळ्याचं मेण मिसळून ओठांचं मलम करते, साबणाच्या वड्याही पाडते. पोर हुशार आहे आणि तोंडाची गोड.

या हिवाळ्यात तिचा फोन आला. "बाई, तुमी याच. याडी ऐकूनच नाई राह्यली."

याडी म्हणजे आई. सासूलाही ती तेच म्हणते. मी एसटीने गेले.

अंगणात धुतलेले तीळ चादरीवर वाळत होते. सुखीबाई खाटेवर पाठ करून बसली होती. तिचा मुलगा भारत मोबाईल हातात घेऊन उगाच उभा होता. दोन वर्षांपूर्वी धनसिंग, सुखीबाईचा नवरा, वारला. तेव्हापासून तिची कानशिलं मोकळी आहेत.

रंजिताने सगळं एका दमात सांगितलं. यवतमाळच्या प्रदर्शनात गेल्या वर्षी त्यांच्या साध्या बाटल्या तशाच परत आल्या. शेजारच्या दुकानात बाटलीवर आजीबाईचा फोटो होता, तिथे झुंबड. या वेळीही माल परत आला तर गटातल्या बाया तेल सोडून देणार होत्या. म्हणून बाटलीवर याडीचा फोटो हवा होता. घुगरी घालून. फोटो दुसऱ्या दिवशी छापायला जायचा होता.

"घडीभराचं तं काम हाय," रंजिता म्हणाली. "बाईनं नाई का घातलीती नाटकात? तसंच हेही नाटकच."

"बाईची पत्र्याची होती," सुखीबाई भिंतीकडे बघत म्हणाली.

"लोकायले काय मालूम, याडी?"

"ज्याले मालूम पाह्यजे त्याले मालूम हाय."

भारतने मान खाली घातली. रंजिता माझ्याकडे वळली. "तुमी सांगा न समजावून. तुमी तं कलाकार."

मला सांगता आलं असतं. आयुष्यभर दुसऱ्यांचे दागिने घातले, दुसऱ्यांचं कुंकू लावलं. पण तेव्हा मध्ये रंगमंचाचा पडदा होता. तिकीट काढून बसलेल्या माणसाला ठाऊक असतं की ही राणी मघाशी तंबूमागे चहा पीत होती. बाटली हातात घेणाऱ्या बाईला असं कोण सांगणार? आणि त्या किणकिणीचा अर्थ पुरता जाणणारा माणूस तर आता नव्हताच.

"पोरी," मी म्हटलं, "माझ्याच्यानं नाही सांगवत हे."

रंजिताचे डोळे भरले. "मंग बिनाघुगरीचा काढू म्हन्ता? कानशिलं पाहा याडीची. चांदीनं वढूवढू केस विरळ झाले. केसाच्या तेलावर असा फोटो?"

मी चपापले. आता काय बोलते ही! सुखीबाई मात्र वळली आणि खदखदून हसली. "खरं बोलली. तेल घेतीन का कोनी? पळून जातीन."

मग ती उठली, आत गेली आणि पेटीतून फडक्यात बांधलेली घुगरी घेऊन आली. चांदी काळवंडली होती. ती रंजितासमोर धरून म्हणाली, "तुले इतका शौक हाय तं तूच घाल. तू काई दुसरी नाई, घरची सून. तुहा नवरा तं उभा हाय ना हा समोर, खांबावानी."

"मी?" रंजिता मागे सरकली. "मले नाई जमत. वजन किती हाय ते."

"लग्नातबी हेच म्हने. बस खाली."

रंजिता बसली. सुखीबाईने तळहातावर तेल घेतलं, सुनेच्या केसांत घातलं आणि मुळांशी बोटं फिरवू लागली. तीच बोटं, आता गाठाळलेली. कानशिलाजवळच्या बटा वेगळ्या काढून तिने घट्ट वेणी घातली आणि त्यात चांदी गुंफली.

"आई गं! किती वढते!" रंजिता ओरडली.

"म्हनून तं तेल," सुखीबाई म्हणाली. "शोभेले नाई लावत होतो आमी. कातडी सोलून निंघे इथची. रोज जिरवा लागे." आणि तिने सुनेच्या कानशिलावर पुन्हा बोट टेकवलं, जिथे केस ताणले गेले होते तिथेच.

भारतने तेव्हाच फोटो काढला. कोणी सांगितलं नव्हतं.

आम्ही तिघी मोबाईलवर वाकलो. रंजिताचा अर्धा चेहरा, दुखल्यामुळे किंचित मिटलेला डोळा, घुगरी, आणि तिच्या मुळाशी सुखीबाईची तेलाने चकाकणारी दोन बोटं.

"तुमचा चेहरा नाई आला, याडी," रंजिता हळूच म्हणाली.

"कायले पाह्यजे? तेल हातानंच लावते ना?"

फोटोखाली छापायला रंजिताने 'केस झपाट्याने वाढवते' असं आधीच लिहून ठेवलं होतं. तिने वाचून दाखवताच सुखीबाईने हात हलवला. "काट ते. मऊ ठेवते, एवढंच लिव. वाढलं असतं तं माहे नसते का वाढले?"

रंजिताने ते खोडलं.

प्रदर्शनाला मी मुद्दाम गेले. टेबलामागे रंजिता उभी होती. कानशिलावर घुगरी. बाया तेलाआधी तिलाच विचारत होत्या, दुखत नाही का हो हे?

"दुखते न," ती सांगत होती, आणि बाटली उघडून त्यांच्या हातावर थेंब टाकत होती.