विणकर गल्लीची तासलेली दारं

विणकर गल्लीत दार अडकलं की लोक तेउनिस वेर्मासला हाक मारत. रंधा काखोटीला मारून तो यायचा, दार बिजागऱ्यांवरून उतरवायचा, खालची कड तिरकी तासायचा आणि पुन्हा चढवायचा. पैशाचं नाव काढलं की चिडायचा. एक कॉफी, डब्यातलं एक बिस्कीट, बस्स. वेनडाइक गावातल्या त्या सहा जोडघरांची दारं त्याने अडतीस वर्षं अशी तासली. कुठलं घर किती कललंय हे पालिकेच्या इंजिनियरच्या आधी त्याच्या हाताला कळायचं.

कलणार नाहीत तर काय? खाली सगळी मऊ, ओली माती, आणि घरं उभी ती जमिनीत ठोकलेल्या लाकडी खांबांवर. हे खांब पाण्यात बुडालेले राहिले तर पणतवंडांनाही पुरतील. पण गल्लीखालच्या गटारलाइनीचे सांधे कधीच सुटलेत. मातीतलं पाणी त्या फटींतून लाइनीत शिरतं आणि वाहून जातं. पाणी खाली गेलं, खांबांची डोकी उघडी पडली आणि सडू लागली. दर हिवाळ्यात पालिकेचा माणूस येतो, रस्त्यातल्या नळकांड्यात पट्टी सोडून पाणी किती खाली गेलं ते मोजतो, लिहून घेतो, जातो. नवी लाइन पुढच्या वर्षी. ते पुढचं वर्ष आमच्या गावात अजून कुणी पाहिलेलं नाही.

मागच्या गल्लीत एकाने जमीन खोदून खांब तपासून घेतले. तो अहवाल विक्रीच्या कागदांना जोडावा लागला, आणि महिन्याभरात अख्ख्या ओळीची किंमत निम्म्यावर आली. तेव्हापासून विणकर गल्लीत कुणी जमीन उकरत नाही. आपल्याला काही ठाऊक नाही, म्हणजे गिऱ्हाइकाला काही सांगायला नको. असा हा साळसूद कारभार, आणि तेउनिसचा रंधा त्याला मदतीला.

आता मात्र तेउनिसलाच घर विकायचं होतं. त्याच्या बायकोचे, खेरार्दाचे, गुडघे पार गेले होते. आमच्या घरांचे जिने म्हणजे शिड्याच. ऑक्टोबरपासून ती वरच्या खोलीतून खाली उतरली नव्हती. कालव्यापलीकडे लिफ्ट असलेल्या इमारतीत एक जागा त्यांच्यासाठी धरून ठेवली होती, फेब्रुवारीच्या अखेरपर्यंत. तीन गिऱ्हाइकं येऊन गेली. तिघांच्याही बँकांनी खांबांचा अहवाल मागितला, तेउनिसने नकाराची मान हलवली, गिऱ्हाइकं गेली.

मग सेविलाय पुढे आली. सेविलाय म्हणजे रोज सकाळी खेरार्दाला आंघोळ घालायला येणारी बाई. दोन मुलं, नवरा बसचालक, भाड्याची दोन खोल्यांची जागा. भावांनी आणि सासऱ्यांनी मिळून तिला पैसे जमवून दिले होते. धर्माला व्याज चालत नाही म्हणून बँक नको, आणि बँक नाही म्हणून अहवालही नको.

त्या गुरुवारी सकाळीच शेजारचा लेंडर्ट कुंपणापाशी येऊन उभा राहिला. त्याची नि तेउनिसची भिंत एकच.

"आज ती पोरगी नक्की करणार म्हणे," लेंडर्ट म्हणाला.

"बघू."

"बघू काय? तोंड मिटून सही घे. माझंही घर उन्हाळ्यात विकायला काढायचंय. तू तोंड उघडलंस तर एकट्याचं नाही, सहाही घरांचं वाटोळं करशील."

"तिची लहान पोरं आहेत रे."

"आणि तुझी बायको वर अडकून पडलीय. निवड आता."

तेउनिस वळून घरात गेला.

दहाला खेरार्दाचं आवरून सेविलाय खाली आली. कॉफी झाली, बिस्कीट झालं. तिने मागचं दार उघडून पाहिलं, मग स्वयंपाकघराचं, मग कोठीचं. एकेक दार लोण्यासारखं फिरत होतं. सगळी दारं त्याने सोमवारीच तासली होती.

"काका, माझ्या जाऊबाईंच्या घरी सगळी दारं घासतात बघा," ती हसून म्हणाली. "तुमच्याकडे नाही. मी नवऱ्याला म्हटलं, हे घर माणसाने जपलेलं आहे."

तेउनिसने कप खाली ठेवला. तो आयुष्यात फार खोटं बोलला नव्हता, पण जे बोलला होता ते मोठं होतं.

"पोरी, घेऊ नकोस," तो म्हणाला. "दारं मी तासतो. दर वर्षी. खालचे खांब सडलेत."

"कधीपासून?"

"तुझं लग्न व्हायच्या आधीपासून."

सेविलायने कोठीचं दार पुन्हा एकदा ढकलून पाहिलं. "आठ महिने मी या घरात येतेय काका. काल माझ्या पोरांनी आपापल्या खोल्या वाटून घेतल्या."

"म्हणून तर सांगतोय."

"काल सांगायचंत," ती म्हणाली. कोट चढवला, वर जाऊन खेरार्दाचा निरोप घेतला, आणि दार हलकेच ओढून गेली. लेंडर्टच्या खिडकीतला पडदा हलला. दुपारपर्यंत ही गोष्ट गल्लीभर होणार होती.

तेउनिस कठड्याला धरून वर गेला. खेरार्दा उशीला टेकून बसली होती. या घरांत खालचं सगळं वर ऐकू येतं.

"तिला सांगितलंस ते बरं केलंस," ती म्हणाली. "आता मला सांग. तेवीस वर्षांपूर्वी पालिकेने सहाही घरांचे खांब बदलायची योजना आणली होती. भिंती सामाईक, म्हणून सहाही सह्या हव्या होत्या. ती योजना पालिकेने गुंडाळली, असं तू मला सांगितलंस."

तेउनिस पलंगाच्या कडेवर बसला.

"गुंडाळली नव्हती ना?"

"पाच सह्या झाल्या होत्या," तो म्हणाला. "सहावी माझी, ती मी केली नाही. मी म्हटलं, फरशा फोडणार, वर्षभर घर उघडं, गल्लीचं नाव खराब होणार. मी शेजाऱ्यांना म्हटलं, कशाला? दारं अडकली तर मी आहे."

"मी तेव्हा तुला म्हटलं होतं, कर सही."

"म्हटलं होतंस."

खेरार्दा रडली नाही, ओरडलीही नाही. ओरडली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

"त्या लिफ्टवाल्यांना फोन करून टाक," ती म्हणाली. "जागा दुसऱ्या कुणाला देऊ दे." मग जरा थांबून तिने विचारलं, "हे घर किती दिवस उभं राहील?"

"मला काय माहीत?"

"तुलाच माहीत. दारं तूच तासतोस."

तेउनिसने खिडकीची चौकट पाहिली, कोपऱ्यातली भेग पाहिली. खोटं बोलायला आता काही उरलं नव्हतं.

"नक्की नाही सांगता येत," तो म्हणाला. "पण तुझ्या उशाशी आहे ना, ती भिंत आधी जाईल."

खेरार्दाने मान वळवून भिंतीकडे पाहिलं.

"मग पलंग हलव," ती म्हणाली.