काकींचं शेवटचं वाक्य

काकी शिंपले साफ करायला बसल्या की त्यांची बोली बदलायची. एरवी आमच्या यवतमाळकडच्या ढाणकीत राहून त्याही 'मले', 'तुले' म्हणायच्या, जरा अडखळत. पण घमेल्यातल्या पाण्यात हात गेला की मालवणी सुरू. ऐकायला मी एकटी. लग्न होऊन शेजारच्या घरात आले होते, आणि दुपारी त्यांच्या परसात जाऊन बसायचे.

त्यांचे यजमान, गुरुजी, नोकरीच्या सुरुवातीला सिंधुदुर्गात शिक्षक होते. तिथंच लग्न केलं आणि वर्षभरात बदली मिळताच, मालवणी कानात बसण्याआधीच, बायकोला घेऊन गावी परतले. स्वतः माळकरी. तरी पाणी ओसरलं की मोटारसायकल काढून पैनगंगेवर जायचे आणि मासे धरणाऱ्या भोयांकडून पिशवीभर शिंपले आणायचे. पिशवी परसात ठेवायचे अन् तोंड फिरवून घरात जायचे. "तिले आवडते," एवढंच म्हणायचे.

काकींनी पहिल्या वर्षी माहेरच्या सवयीनं पाण्यात मीठ टाकलं आणि गोड्या पाण्यातले ते शिंपले सगळे मेले. तेव्हापासून साधं पाणी. चार-पाच तास ठेवायच्या, तीनदा पाणी बदलायच्या. "रेव ऱ्हवली तर सगळा फुकट," असं म्हणत काथ्यानं एकेक कवच घासायच्या. मी उघडा शिंपला फेकायला निघाले की हात धरायच्या. "उघडी दिसली म्हणान टाकू नको गो. आधी ठोकून बघ. मिटली तर जिती आसा." मग विळीवर उघडून आतलं पाणी वाटीत निथळायचं, गाळ बसू द्यायचा, वरचं तेवढं कालवणात. ओला नारळ मिळाला नाही तर सुकं खोबरं. आमसुलं संपली की चिंच. पहिला घास घेतल्यावर "तशी चव नाय," म्हणत. पण भांडं पुसून खात.

माहेरी आई गेल्याचं काकींना चार दिवसांनी कळलं. भावानं फोन केलाच नव्हता, गावातल्या कुणाकडून तरी निरोप आला. त्या गेल्या नाहीत. "आता कुणाक बघूक जाव?" एवढं मला म्हणाल्या. पुढे गुरुजींनी आणलेली पिशवी दोनदा परसात तशीच पडून राहिली. वास सुटला तेव्हा मीच नेऊन पुरली. गुरुजींनी मग आणणं बंद केलं.

मागच्या वर्षी त्यांना लकवा मारला. उजवी बाजू गेली. यवतमाळच्या दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा त्या बोलायला लागल्या होत्या, पण फक्त मालवणी, तीही जड जिभेनं. आमची बोली पुसूनच गेली होती. चाळीस वर्षांचा संसार केलेला माणूस उशाशी बसून नुसता तोंडाकडे बघायचा.

एका सकाळी गुरुजी मला बोलवायला आले. "चाल वो सूनबाई. पहाटपासून एकच गोष्ट म्हणून राह्यली, मले काहीच समजून नाही राह्यलं. तिच्या भावाले फोन लावला, नंबरच बंद आहे. तू बसत होती न तिच्याजवळ."

मी जवळ गेले. काकींनी डाव्या हातानं माझं मनगट धरलं आणि एक लांब वाक्य बोलल्या. मग तेच पुन्हा. मला मालवणी येत होती ती घमेल्याएवढी: रेव, पाणी, ठोक, जिती. त्यातलं एकही त्या वाक्यात नव्हतं. काकी वाट बघत होत्या. गुरुजीही.

"काय म्हणते?" त्यांनी विचारलं.

"पाणी मागतात," मी म्हणाले.

गुरुजी लगबगीनं उठले, वाटीचमचा घेऊन आले. काकींनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना कळलं. मनगट सोडलं आणि तोंड भिंतीकडे केलं. गुरुजी चमचा धरून म्हणत राहिले, "घे न, तूच तर मागतलं." पाणी ओठावरून उशीवर ओघळलं.

त्यानंतर त्या कुणाशीच बोलल्या नाहीत. सहाव्या दिवशी गेल्या.

माझ्या हातात तेव्हा मोबाइल होता. ते वाक्य टिपून ठेवावं, कुणा मालवणी माणसाला ऐकवावं, हे सुचलं नाही. आता त्याचे आवाजही आठवत नाहीत. गुरुजी मात्र भेटेल त्याला सांगतात, "शेवटी माझ्याच हातचं पाणी मागतलं तिनं." मी मान हलवते.