बारा फुटांची गल्ली

रेघमास्तरांचा हात कापरा झाला तो म्हातारपणाने नव्हे, एका नोटिशीने. नाहीतर हा माणूस बहात्तराव्या वर्षीही पट्टीने आखल्यासारखे कल्ले ठेवून दाढी करायचा. उभा जन्म नकाशे काढण्यात गेला. शहराचे नकाशे छापणाऱ्या एका छापखान्यात खिडकीपाशी त्यांचं तिरकं टेबल होतं. त्यावर ट्रेसिंगचं कापड ताणायचं, पेनात काळी शाई भरायची आणि श्वास रोखून रेघ ओढायची. चुकलीच तर ब्लेडने हलकेच खरवडायची. पण चुकायची कुठे! बायकोसुद्धा चारचौघांत त्यांना रेघमास्तरच म्हणायची, बिचारी.

त्या धंद्यात एक गुपित होतं. ऐकून तुम्ही म्हणाल, काय थापा मारताय राव! पण नकाशेवाल्यांना विचारा, हळूच मान डोलावतील. नकाशा काढायला तीन वर्षं लागत, चोरायला तीन दिवस. पलीकडच्या रस्त्यावरचा दुसरा छापखाना यांचा नकाशा विकत घ्यायचा, रंग बदलायचा आणि निम्म्या किमतीत विकायचा. विचारायला जावं तर म्हणायचा, ‘रस्ते काय तुमच्या बापाचे आहेत? आम्हीही मोजलेत.’ 

तेव्हा मालकांनी मास्तरांना आत बोलावून दार लावलं. ‘मास्तर, नकाशात एक गल्ली घाला. नसलेली. त्यांच्या नकाशात ती उगवली की चोर हाताला लागला.’

‘नसलेली गल्ली? साहेब, असं करतात?’

‘सगळे करतात. बोलत कोणी नाही. तुम्हीही बोलायचं नाही, घरीसुद्धा.’

मास्तर सव्वीस वर्षांचे होते, मालकांचा शब्द म्हणजे शेवटचा. आता खोटी गल्ली घालायची तर जिथे गल्ली नाही याची शंभर टक्के खात्री आहे अशीच जागा हवी. अशी जागा त्यांना एकच ठाऊक होती. धाकट्या बहिणीचं नुकतंच लग्न झालं होतं, तिच्या घरामागे घरांच्या दोन रांगांच्या मधोमध मोकळी जागा होती. तिथे त्यांनी दोन रेघा ओढल्या. गल्लीला नाव तर हवं. बहीण लहानपणी मूठभर होती, म्हणून घरात तिला चिमणी म्हणत. मास्तरांनी मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलं, ‘चिमणी गल्ली’. दिवसभर स्वतःशीच हसत होते.

सापळा लागला बरं का! वर्षाच्या आत त्या दुसऱ्या छापखान्याच्या नकाशात चिमणी गल्ली हजर. मालक तो नकाशा घेऊन तडक गेले. चोराचा चेहरा उतरला, त्याने हात जोडले, चहा मागवला. कोर्टकचेरी नको म्हणून तोंडीच मिटलं. कागदावर एक अक्षर नाही. ‘पुढच्या खेपेला गल्ली काढून टाकू,’ मालक म्हणाले. पुढच्या खेपेच्या आधी मालकच गेले, मग छापखानाही गेला. गल्ली राहून गेली.

इकडे बहिणीचा नवरा लवकर वारला. तिने रफूचं काम धरलं. उंदराने कुरतडलेला कोट असा सांधायची की भोक कुठे होतं ते मालकालाच शोधावं लागे. या कामाला उजेड लागतो, म्हणून मागच्या मोकळ्या जागेत एक खोली बांधली, दहा फूट रुंद, भली मोठी खिडकी. तिथे ती अठ्ठावीस वर्षं बसली. त्या खिडकीवर दोन मुलं शिकली, मार्गी लागली. डोळे आता थकले होते. त्या उजेडाबाहेर सुईत दोरा जाईना.

आणि मग नोटीस आली. पालिकेने त्या छापखान्याचे जुने नकाशे कॉम्प्युटरवर चढवले होते, त्यात निघालं की गल्ली क्रमांक चारशे सतरावर तिची खोली आहे. तीस दिवसांत पाडा.

‘दादा, बघ ना रे! कुठल्या मेल्याने इथे गल्ली काढली? त्याचे हात झडोत!’

मास्तरांनी नोटीस घडी घालून खिशात ठेवली. तेव्हाच सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. म्हणाले, ‘तू नको येऊस ऑफिसात. तिथले जिने तुला झेपायचे नाहीत. मी बघतो.’

पालिकेतल्या नकाशा विभागाच्या मॅडम वयाने त्यांच्या लेकीएवढ्या, स्वभावाने गोड. खुर्ची दिली, पाणी दिलं. मास्तरांनी पंचेचाळीस वर्षांचं गुपित टेबलावर ओतलं.

‘काका, या नकाशाच्या कोपऱ्यात सही कोणाची?’

‘माझीच.’

‘मग तुमच्याच सहीच्या नकाशात आहे की गल्ली.’

‘अहो, ती खोटी आहे! मीच घातली!’

‘असं कुठे लिहिलंय?’

कुठेच नव्हतं. लिहून ठेवलं तर गुपित कसलं! पुढच्या वेळी मास्तर चोराचा नकाशा घेऊन गेले, हा बघा, इथे उचललेली आहे. मॅडमनी तो नीट पाहिला. ‘म्हणजे दोन छापखान्यांच्या नकाशांत आहे. अग्निशमन दलाच्याही नकाशात आहे.’ चोरावरून दुसऱ्याने चोरलं होतं, त्याच्यावरून तिसऱ्याने. मास्तर पुरावा नेत गेले तसतशी गल्ली पक्की होत गेली. घराच्या खरेदीखतात लिहिलेलं, ‘मागे मोकळी जागा’. मोकळी म्हणजे गल्लीच, असं ठरलं. शेजाऱ्याला विचारलं, तर त्याला गाडी मागून आत घ्यायची होती. तो म्हणाला, ‘नकाशात आहे म्हणजे पूर्वी असणारच.’

‘मी शपथेवर लिहून देतो,’ मास्तर म्हणाले. 

मॅडमनी फाइल मिटली. मग हळू आवाजात म्हणाल्या, ‘काका, माझा विश्वास आहे तुमच्यावर. पण या नकाशावर अर्ध्या शहराच्या हद्दी ठरल्यात. एक गल्ली खोटी म्हटली तर उद्या प्रत्येक जण आपली भिंत घेऊन येईल. वरचे साहेब ऐकणार नाहीत. मी विचारलं त्यांना, खरंच विचारलं.’

जाता जाता मास्तरांनी मोजपट्टी मागितली. आपल्या दोन रेघांमधलं अंतर मोजलं. पेनाने त्याहून जवळ रेघा ओढल्या की शाई एक व्हायची, म्हणून तेवढं ठेवलं होतं. नकाशाच्या प्रमाणाने जमिनीवर ते बारा फूट झालं. खोली अख्खी आत बसत होती.

खोली सकाळी पडली. वीस मिनिटं लागली. बहिणीने खिडकीची चौकट तेवढी मागून घेतली. स्वयंपाकघरात दिव्याखाली बसून पाहिलं, चार दिवसांत एक बाही होईना. लोकांचे कपडे न सांधताच परत दिले.

‘तू तरी काय करणार, दादा,’ ती म्हणायची. ‘किती खेपा घातल्यास माझ्यासाठी.’ हे ऐकताना मास्तरांना मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

पंधरा दिवसांनी पालिकेची माणसं पाटी लावायला आली. भावंडं दोघं उभी होती. निळ्या पत्र्यावर पांढरी ठसठशीत अक्षरं: चिमणी गल्ली.

बहिणीने पाटी वाचली. पुन्हा वाचली. मग मास्तरांकडे वळली.

‘दादा, मला चिमणी म्हणणारी माणसं दोनच. एक आई.’

  ती त्यांच्या उजव्या हाताकडे बघत राहिली.

मागून सायकलची घंटी वाजली.

‘काका, जरा बाजूला व्हा,’ सायकलवाला म्हणाला. ‘रस्ता आहे हा.’

मास्तर बाजूला झाले.