मागून पाहिलेली चाल

वरच्या मजल्यावर छताचं काम चाललं आहे. आज सकाळी जिन्यात ओल्या प्लास्टरचा थंड, खडूसारखा वास भरून राहिला होता. भाजीची पिशवी हातात तशीच धरून मी मधल्या पायरीवर उभी राहिले. वासावरून लोकांना माहेर आठवतं. मला लखनऊ आठवलं, नव्वदीच्या सुरुवातीचं, आणि कमरेपासून घोट्यांपर्यंत पांढऱ्या प्लास्टरमध्ये बसवलेली माझी तान्ही लेक.

नवऱ्याच्या बँकेतल्या बदलीमुळे आम्ही तिकडे गेलो होतो. छावणीच्या कडेला, शांत रस्त्यावर भाड्याचं घर. डिसेंबरात मुलगी झाली. तिथली थंडी काय चीज आहे हे आम्हा सातारकरांना काय ठाऊक! दुपार झाली तरी धुकं हटायचं नाव घेत नसे. बाळंतपणाला आलेल्या आईने शिकवलं तसं मी लेकीला तेल लावून न्हाऊ घाली आणि पाय सरळ जुळवून दुपट्यात घट्ट गुंडाळी. मग ती दोन तास गाढ झोपे. माझ्यासारखं गुंडाळणं कुणाला जमत नाही, असा मला चांगलाच तोरा होता. आई परत गेली आणि मी एक मालिशवाली लावली. तिसऱ्याच दिवशी ती म्हणाली, “बहूजी, इसका बायाँ पाँव पूरा नहीं खुलता।” मी मनातून तिला हसले. मग स्वतः पाय उघडून पाहिला. तिचं खरं होतं.

खुब्याचं हाड खोबणीतून निसटलेलं होतं. मुलांच्या हाडांचे डॉक्टर वयस्क होते, बोलणं खास लखनवी, मऊ. लवकर कळलं हे बरं झालं, पण पाय सरळ जुळवून गुंडाळले की असं हाड आणखी निसटतं, म्हणाले. पाय दुमडून, बाजूला फाकवून ठेवणारे कापडी पट्टे त्यांनी खांद्यांवरून घेऊन बांधले. सहा आठवडे, चोवीस तास. “नहलाने के लिए भी मत खोलिएगा।” मी मान डोलावली खरी. पण तान्हं मूल आंघोळीवाचून ठेवायचं ही कल्पनाच मला सोसेना. चार दिवसांत लेक चिडचिडी झाली, काखेत पुरळ उठलं, आणि पाचव्या दिवशी नवरा बँकेत गेल्यावर मी पट्टे सोडले. तेल, पाणी, आणि मग तेच घट्ट दुपटं. दोन तासांनी पट्टे पुन्हा जिथल्या तिथे. हे रोज चाललं आणि मी कुणाला सांगितलं नाही. तिचं झोपलेलं तोंड पाहिलं की वाटे, आपल्या लेकराचं आपल्याला जास्त कळतं.

सहा आठवड्यांनी खुब्याचा एक्स-रे फोटो काढला. हाड बाहेरच होतं. डॉक्टर बराच वेळ फोटो उजेडाकडे धरून बसले. “पट्टे बराबर बँधे रहे?” त्यांनी विचारलं. नवरा अभिमानाने म्हणाला, “जी, एक मिनट के लिए भी नहीं खोले।” गप्प राहिले असते तर निभावून गेलं असतं. पण ज्या पोरीला पुढे लंगडावं लागेल तिच्यासमोर मला खोटं वागवेना. “मैंने खोले थे,” मी म्हणाले, “रोज़।”

नवऱ्याने माझ्याकडे पाहिलंच नाही. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. “आपने बता दिया, अच्छा किया। वरना मैं समझता, पट्टे इसके काम के ही नहीं थे।” कदाचित एरवीही हाड बसलं नसतं, ते आता कुणालाच सांगता येणार नाही, असंही ते म्हणाले. त्यांनी मला दोष दिला नाही, पण मोकळंही केलं नाही. मग किंचित हसले. “प्लास्टर आपसे नहीं खुलेगा।” परतीच्या रिक्षात नवरा एवढंच म्हणाला, “मला तरी सांगायचंस.” रागावला असता तर बरं वाटलं असतं.

भूल देऊन हाड बसवलं आणि प्लास्टर घातलं. तीन महिने. शेजारच्या भाभींनी अमीनाबादहून कापड आणून घेरदार झबली शिवली. फाकलेले पाय माझ्या कमरेला असे बसत की कडेवर घेतलेली लेक तिथून निघायलाच तयार नसे. ओल्या फडक्याने मी तिचं तोंड, हात, मान पुसून काढी, आणि तेवढ्यावर मूल छान वाढतं हे मला तेव्हा कळलं. प्लास्टर कापलं, हाड जागेवर होतं. तरी डॉक्टर म्हणाले, “असली बात तो चलने पर पता चलेगी। पीछे से देखिएगा, कमर एक तरफ़ झुकती है या नहीं।”

सव्वा वर्षाची असताना ती भिंत सोडून चालली. समोर बसून टाळ्या वाजवायचं सुख नवऱ्याला दिलं आणि मी तिच्या मागे जमिनीवर बसले. सात पावलं. कमर कुठेही झुकली नाही. मी पदरात तोंड खुपसून रडले, आणि नवऱ्याने येऊन माझ्या डोक्यावर हात ठेवला.

दरवर्षी फोटो काढत राहिलो. ती आठ वर्षांची असताना डॉक्टर म्हणाले, “अब बड़ी होने पर एक बार दिखा दीजिएगा। तब तक इसे दौड़ने दीजिए।” बाहेर रिक्षावाले हाका मारत होते. मी लेकीला म्हटलं, “आज चालत जाऊ या घरी.” “इतनी दूर? मम्मी, प्लीज़!” ती म्हणाली. सगळा रस्ता ती कुरकुरत, पाय आपटत माझ्या पुढे चालली होती. किती छान आपटत होती! मी मुद्दाम दोन पावलं मागे राहिले. घर कधी आलं ते मला कळलंच नाही.