बारा विटा

यमुनेला दिवस गेले आहेत, हे मला माहीत होतं. एवढी एक ओळ मी आजवर कुणापुढे बोलले नाही. नवऱ्यापुढे नाही, युनियनमध्ये नाही.

दुर्गजवळ, जामुलच्या बाजूला, लोखंडाच्या भट्ट्यांना लागणाऱ्या विटांचा एक कारखाना होता. मोठ्या, जड विटा. मजुरी करणाऱ्या बाईला आमच्याकडे रेजा म्हणतात, पुरुषाला कुली. विटा त्याच, ट्रक तोच, ट्रकात चढायची फळीही तीच. रेजाचा रेट मात्र कमी. मी भंडाऱ्याकडच्या घरातली, दहावी झालेली. अर्ज लिहिता येतो म्हणून बायांनी मला पुढं केलं.

त्या दुपारी मॅनेजर यार्डात आला. आम्ही पंधरा-वीस जणी उभ्या. सारख्या रेटसाठी लिहिलेला माझा अर्ज त्यानं वाचलाच नाही. कागदाची घडी केली आणि त्या घडीनं वारा घेत म्हणाला, "मर्द का पैसा चाहिए? तो मर्द का बोझ उठा के दिखाओ. अभी, सबके सामने."

कुली लोक काम टाकून गोळा झाले. कुणीतरी शिट्टी मारली. "चलो भाई, सर्कस लगी है!" माझ्याच गल्लीतला एक, मला वहिनी म्हणणारा, तोही हसला.

तेव्हाच अर्ज परत घेऊन चालू लागायला हवं होतं. पण मला चेव आला. आम्हा बायांना आपल्या ओझ्याचा भारी गर्व. कोण किती उचलते यावरून रोजची थट्टा, रोजची चढाओढ. सगळ्यांत तगडी यमुना. मी हाक मारली, "यमुना, ये वो इकडं!"

तिनं माझ्याकडे पाहिलं. एकदाच.

आदल्याच दिवशी नळावर डबा धुताना ती म्हणाली होती, "तीन महिने झाले वो ताई. कोनाले सांगू नको. दोनदा गेलं माह्यं." मीच तिला म्हटलं होतं, आता फळी चढू नको, खाली बसून विटा निवड.

आणि मीच हाक मारली.

नाही म्हणायचं तर सगळ्या पुरुषांसमोर कारण सांगावं लागणार. तिनं पदर खोचला, डोक्यावर चुंबळ ठेवली. कुली दहा विटा नेत. मॅनेजरनं तिच्यावर बारा रचायला लावल्या. ती फळी चढली, विटा उतरवल्या, खाली आली. मानेची शीर उडत होती. बायांनी टाळ्या वाजवल्या. सगळ्यांत जोरात मी.

"ये तो एक हो गई," मॅनेजर म्हणाला. "बाकी सबका भी टेस्ट लेंगे." हसत ऑफिसात गेला. रेट वाढला नाही.

तिसऱ्या दिवशी यमुना कामावर आली नाही. दुर्गला दवाखान्यात आहे, असं कळलं. मी गेले. दाराशी तिची सासू बसलेली. "न्हाणीत पाय घसरला म्हने. पोटात लेकरू असून हिले भान नाही. तिसऱ्यांदा गेलं, बाई!"

आत यमुना भिंतीकडे तोंड करून पडली होती. मी जवळ गेले तेव्हा हळूच बोलली, "घसरली म्हनून सांगतलं. तुह्यं नाव नाही घेतलं."

मी काय केलं? तिच्या चादरीची सुरकुती सरळ केली. बाहेर येऊन सासूला म्हटलं, काळजी घ्या. आणि बस पकडली.

पुढचं सांगायला याहून लाज वाटते. ती गोष्ट मी भाषणात वापरली. गेटावर, सभेत, वर्षानुवर्षं. "आमची यमुना बारा विटा घेऊन चढली!" टाळ्या पडायच्या. मी पुढारी झाले. यमुना काम सोडून घरच्यांबरोबर कुम्हारीला राहायला गेली. तिला मूल झालं नाही.

यंदा आम्ही युनियनच्या बाया हीच मागणी घेऊन दुसऱ्या एका कारखान्यात गेलो. मॅनेजर वेगळा, बोलणं तेच. उठा के दिखाओ. एक तरणी पोर ओढणी कमरेला बांधत पुढं झाली, हसत. मी तिचा दंड धरला.

"थांब. कोनी काही उचलनार नाही."

"कावून ताई? उचलीन न मी!"

मी कुलींकडे बोट केलं आणि मॅनेजरला विचारलं, "इनमें से किसका टेस्ट लिया था, साहब?"

त्या घोळक्यात एक वाळलेला म्हातारा होता, आठ विटांतच धापा टाकणारा. त्याला कुलीचा पूर्ण रेट मिळतो. मिळायलाच पाहिजे. त्याच्याकडे बघताना मला उमगलं. आमच्या ताकदीचा इथं सवालच नव्हता. परीक्षेला उभं राहिलो तिथंच आम्ही हरलो होतो. आणि उभं मी केलं होतं, तेही दुसरीला.

तगडी असो, पोटुशी असो, म्हातारी असो, त्या कामाचा रेट एकच. मामला आता लेबर ऑफिसात आहे. लागतील तितकी वर्षं लागोत. माझ्या देखत कोणतीही बाई ओझं उचलून दाखवणार नाही. आणि यमुनेची गोष्ट सांगेन तर पूर्ण सांगेन, माझ्या हाकेसकट.

कुम्हारीच्या त्या घरात आजही यमुनाच बेपर्वा ठरलेली आहे. सासू जिवंत आहे. नवरा आहे. यमुनेला विचारून, त्या दोघांसमोर उभं राहून मला सांगायचं आहे की ती घसरली नव्हती. मी अजून गेलेली नाही.